आठशेच्या आरसीचं चौथं रिन्यूअल आणि एक उकळलेला रेडिएटर

आमची मारुती आठशे १९९४ च्या फेब्रुवारीतली. केए-२२ म्हणजे बेळगावची, पांढरी, कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळायच्या जुन्या पद्धतीची. बाबांनी घेतली, पंचवीस वर्षं चालवली आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर किल्ली माझ्याकडं दिली. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते. २००९, २०१४ आणि २०१९ हे तिन्ही रिन्यूअल बाबांनीच केले. चौथं २२ फेब्रुवारी २०२४ च्या आत माझ्या गळ्यात होतं. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बघू असं ठरवून मी निवांत होतो.

१० डिसेंबर, रविवार. निपाणीला मेहुणीच्या घरी वास्तुशांत होती. दुपारी जेवून परत निघालो. गाडीत मी, बायको, मागं बाबा आणि डिकीत दोन मोठे नारळाचे डाग. हायवेचं काम चालू होतं, त्यामुळं तवंदी घाटाच्या पायथ्याशी वाहनांची रांग. वीस मिनिटं रांगत गेलो, मग घाट चढायला सुरुवात. दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकायला लागला. लाल पट्टीजवळ पोचला आणि मी गाडी बाजूला घेणार, तेवढ्यात काटा झपकन खाली आला. पार थंडच्या खुणेपाशी. मला वाटलं, सुटलो, वारा लागला. स्तवनिधीच्या अलीकडं बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली तेव्हा कळलं की काही सुटलेलं नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी विज्ञान शिकवतो आणि तरी फसलो. काट्याला तापमान कळवणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणी गळून गेलं की तो उघड्यावर पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त भाजत असतं. चढावर काटा अचानक थंड दाखवायला लागला तर ताबडतोब इंजिन बंद करायचं. मी अजून सहाशे-सातशे मीटर चालवली. पुढचा बहुतेक खर्च त्या सहाशे मीटरचा.

खाली उतरून हातात फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तर मागून एक ट्रकवाला ओरडला, "ओ सर, झाकण नका काढू! तोंड भाजंल!" त्यानं माझा हातच धरला. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि एका क्षणात सगळं उकळून अंगावर येतं. पाऊण तास थांबलो. रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी नळी, क्लॅम्पपाशी चिरला होता. ट्रकवाल्यानं त्यावर ट्यूबचा तुकडा बांधून दिला, पण एक बाटली पाणी ओतलं तर तेवढंच खाली आलं. शेवटी टेम्पो करून गाडी बेळगावला आणली. चार हजार रुपये. बाबा टेम्पोच्या केबिनमध्ये बसून सगळी वाट गप्प.

पहिल्या गॅरेजनं दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून दहा मिनिटांत निकाल दिला: हेड (इंजिनाचा वरचा भाग) गेलं, पस्तीस हजार लागतील, त्यापेक्षा भंगारात द्या, अठरा हजार मी आणून देतो. काहीच तपासलं नव्हतं. इंजिन ऑइलचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. मी गाडी तिथून वडगावच्या मिस्त्रीमामांकडं ढकलत नेली. मामा सत्तरीचे, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात आणि कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर "स्वल्प तडीरी" हेच. म्हणजे, जरा थांबा.

त्यांनी थांबवलं आणि तीन गोष्टी बघितल्या. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी मलई आहे का? नव्हती. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं नाही. मग होज बांधून, पाणी भरून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतात का बघितलं. एखादा-दुसराच. मग प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. पहिल्या सिलिंडरला १२ किलो, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला साडेसात. शेजारचे दोन एकदम कमी म्हणजे त्यांच्या मधली गॅस्केट (हेडखालचं पातळ पॅकिंग) गेली. "हेड नाही गेलं सर, वाकलंय असेल. ते सरळ होतंय की."

हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर दोन्ही सारखे पसरत नाहीत, आणि सगळा ताण मधल्या पातळ गॅस्केटवर येतो. हेड उतरवून त्यावर सरळपट्टी ठेवली आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) सरकवला. एक दशांश मिलिमीटरची पात आत गेली. चालतं ते त्याच्या निम्मंच. उद्यमबागेत फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, दिलं, ८०० रुपये आणि दोन दिवस. त्या वसाहतीत हा फायदा आहे. मशीन शॉप हाकेच्या अंतरावर असतात आणि जुनं हेड बघून कुणी हसत नाही. गॅस्केट सेट ११००. बोल्ट मामांनी टॉर्क पान्यानं मधून बाहेर अशा क्रमानं तीन फेऱ्यांत आवळले. मी मोबाइलवर फोटो काढत होतो, तर म्हणाले, "फोटो नंतर, बॅटरी धरा."

पण मला सांगायचंय ते याच्या नंतरचं. मामांनी गाडीचं "आजारपण" शोधायला घेतलं, आणि एकेक करून आमच्याच चुका बाहेर यायला लागल्या.

पहिली: रेडिएटरच्या वरच्या टाकीत तोंडापाशीच पांढरट-तपकिरी थर. बाबा वर्षानुवर्षं अंगणातल्या बोअरचं पाणी ओतायचे. बोअरचं पाणी जड. क्षार जाळीच्या नळ्यांत बसतात, अगदी चहाच्या किटलीत बसतात तसे. राकसकोपचं नळाचं पाणी त्यापेक्षा पुष्कळ बरं, पण तेही आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच येतं आणि ते गाडीला घालायचं घरात कुणाला सुचतंय?

दुसरी: थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाणी अडवणारी-सोडणारी झडप, जागेवरच नव्हता. २०१९ मध्ये आरसीच्या आधी गाडी तापली होती तेव्हा कुणीतरी तो काढून फेकला होता. आणि फॅनची वायर स्विचवरून काढून थेट किल्लीला जोडली होती, म्हणजे गाडी चालू की फॅन चालू. बाबांना सांगितलं होतं, "आता इंजिन कायम थंड राहतंय." आम्हीही खूश.

मामा यावर चिडले. "थंड इंजिन म्हणजे चांगलं इंजिन, हे कुणी सांगितलं तुम्हांला? जेवण अर्धं शिजलेलं चालतंय काय?" इंजिनाला त्याच्या नेमक्या तापमानाला यावंच लागतं. थर्मोस्टॅट तोवर पाणी रेडिएटरकडं जाऊच देत नाही. तो काढला की इंजिन हिवाळ्यात कधी नीट तापत नाही, पेट्रोलची वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइलचा चिखल होतो, रिंगा झिजतात. आणि ते सगळं घडत असताना रेडिएटर हळूहळू चोंदत होता, पण सतत फिरणाऱ्या फॅनमुळं शहरात काही जाणवतच नव्हतं. घाटात पूर्ण लोड आल्यावर मात्र उघडं पडलं.

तिसरी चूक सगळ्यात साधी, आणि माझी. मी दर रविवारी बॉनेट उघडून पाण्याची बाटली बघायचो. बाजूची प्लॅस्टिकची. ती नेहमी भरलेली असायची. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. तापल्यावर जास्तीचं पाणी बाटलीत सोडणारी एक, आणि गार होताना ते परत ओढून घेणारी दुसरी. आमच्या झाकणाचं रबर लाकडासारखं झालं होतं आणि दुसरी झडप चिकटली होती. पाणी बाटलीत जात होतं, परत येत नव्हतं. बाटली भरलेली, रेडिएटर अर्धा. पूर्ण गार इंजिनवर झाकण उघडून आत बोट बुडवून बघणं, हे मी पाच वर्षांत एकदाही केलं नव्हतं. नवीन झाकण १५० रुपये. त्यावर ०.९ हा दाबाचा आकडा छापलेला असतो. जुन्यावर जो आकडा तोच घ्यायचा, जास्तीचा घेऊन दाब वाढवायचा नाही.

रेडिएटर उतरवून जाळीवाल्याकडं दिला. जुना पितळी असल्यामुळं त्यानं वरची टाकी झाळ वितळवून उघडली, एकेका नळीतून सळई घातली, परत झाळली आणि हौदात बुडवून हवा भरून तपासला. १२०० रुपये, चार दिवस. नव्या ॲल्युमिनियमच्या, प्लॅस्टिक टाक्यांच्या रेडिएटरला हे जमत नाही, तो बदलावाच लागतो. पहिल्या गॅरेजवाल्यानं ॲसिड ओतून "साफ" करून देतो म्हटलं होतं. मामा म्हणाले, ॲसिड घाण खातंय तसं झाळ पण खातंय.

नाताळ गेला, वर्ष बदललं. ५ जानेवारीला इंजिन बसलं. नवे होज, क्लॅम्प, फॅन बेल्ट, फॅनचा स्विच, सगळं बदललं. फक्त थर्मोस्टॅट मिळेना. कार्ब्युरेटरच्या आठशेचा म्हटलं की रविवार पेठेतले दुकानदार आधी माझ्याकडं बघायचे, मग वरच्या फळीकडं. एकानं कोल्हापूरहून मागवतो म्हणून सांगितलं.

मला घाई होती. आरसीच्या अर्जाला चालू एमिशन सर्टिफिकेट (पीयूसी) लागतं आणि फेब्रुवारी जवळ येत होता. मुदत चुकली तर कारला महिन्याला ५०० रुपये वाढत जातात. म्हणून ९ जानेवारीला थर्मोस्टॅटशिवायच गाडी एमिशनला नेली. सकाळी सव्वाआठ, थंडी कडक. कार्बन मोनॉक्साइड ४.८ टक्के. आमच्या काळातल्या गाडीला मर्यादा ३. फेल.

तिथल्या पोराने मशीन दोनदा लावून बघितलं, मग म्हणाला, "सर, इंजिन गारच आहे की." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गार इंजिन बंद पडू नये म्हणून मागच्या कुणीतरी कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू उघडून पेट्रोल वाढवून ठेवलं होतं. एका जुगाडाला सांभाळायला दुसरा. गाडी लिटरला अकरा-बारा का देते, यावर मी आणि बाबांनी किती वाद घातले असतील.

वाट बघण्यातल्या त्या आठवड्यात कागद काढून बसलो आणि आणखी एक भानगड दिसली. विम्याच्या पॉलिसीवर इंजिन नंबरातला एक आकडा चुकलेला. आरसीवर ३, पॉलिसीवर ८. गेली तीन वर्षं तीच चूक पुढं पुढं छापली गेली होती आणि मीही न वाचता फाइलला लावत होतो. एजंटला फोन, आरसीची प्रत, इंजिन नंबराचा फोटो, अर्ज. ११ जानेवारीला दिलं, दुरुस्तीचा कागद २४ ला आला. हा कागद नसता तर तपासणीच्या दिवशी परत फिरावं लागलं असतं. तुम्ही अर्ज करणार असाल तर आरसी, विमा आणि एमिशन हे तीन कागद शेजारी ठेवून नंबर बोटानं जुळवून बघा, अगदी पोरांच्या परीक्षेच्या हॉल तिकिटासारखे.

१६ जानेवारीला थर्मोस्टॅट आला, ३८० रुपये. मामा म्हणाले बसवायच्या आधी तपासा. शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला, बायकोचं चहाचं पातेलं घेतलं ("नंतर हे पातेलं मला नको, नवीन आण"), थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगला. तो तळाला टेकता कामा नये, नाहीतर गॅसची थेट आच लागते. त्यावर ८२ कोरलेलं. ८२-८३ ला पाकळी हलायला लागली, पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडली. गार पाण्यात टाकल्यावर मिटली. पास.

गंमत म्हणजे पाणी साडेसत्त्याण्णवलाच उकळायला लागलं. मला वाटलं थर्मामीटर बिघडला, मी दुसरा आणला, तोही तेच सांगे. मग लक्षात आलं, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. म्हणजे झाकणानं दाब धरला नाही, तर आपल्याकडं गाडीचं पाणी गोव्यापेक्षा दोन-अडीच अंश आधीच उकळणार. झाकण नीट असेल तर तेच पाणी एकशेपंधराच्या पुढं तग धरतं, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं.

थर्मोस्टॅट बसवताना त्यावरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवायची. तिच्यातून अडकलेली हवा निघते. मग कूलंट. जुन्या झाळलेल्या पितळी रेडिएटरला मामांनी साधं हिरवं, जुन्या पद्धतीचं कूलंट सांगितलं. पण रंगावर भरवसा ठेवू नका, रंग कंपनी हवा तो देते. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि दोन प्रकार एकत्र करू नका, कधी कधी त्यांचा जेलीसारखा लगदा होतो. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज काय, असं बाबांचं मत. गरज गंजासाठी आहे. बिड, ॲल्युमिनियम, पितळ सगळं एकाच पाण्यात. मी अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी घातलं. साडेतीन लिटरच्या आसपास गेलं.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवलं. हळूहळू ओतायचं, वरचा होज हातानं दाबत राहायचं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग झाकण न लावता इंजिन चालू. दहा-बारा मिनिटांनी वरचा होज एकदम गरम झाला. थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली गेली, परत भरलं, झाकण लावलं. थोड्या वेळानं फॅन आपोआप लागला, दोनेक मिनिटांत आपोआप बंद झाला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी आणि मामा बॉनेटपाशी उभं राहून तो तीन वेळा लागून बंद होईपर्यंत बघत राहिलो. जुनं काढलेलं पाणी-कूलंट गटारात किंवा परसात ओतू नका. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री, वासरं चाटतात. मी डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपाशेजारी ठेवायला दिलं.

मामांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू परत जागेवर आणला. १८ जानेवारीला एमिशन: १.९ टक्के. त्याच पोराने सर्टिफिकेट छापून दिलं.

२५ जानेवारीला परिवहनच्या साइटवर अर्ज. फॉर्म २५, फी ५,०००, शिवाय ग्रीन टॅक्स आणि कार्डाचे पैसे वेगळे. कन्नड मला वाचता येतं, लिहिताना हात अडखळतो, त्यामुळं कचेरीतल्या एका जोडपत्रासाठी शेजारच्या पाटीलकाकूंच्या मुलीला बसवलं. ती दहावीत आहे, तिनं दोन मिनिटांत भरून दिलं आणि माझं एक काना-मात्रेचं चुकलेलं पण काढलं. चॅसिस नंबराचा पेन्सिलनं घासलेला छाप घरूनच नेला तर बरं. आठशेत नंबर सापडायलाच वेळ लागतो, आणि तिथं रांगेत वाकून घासत बसणं कंबरेला झेपत नाही.

६ फेब्रुवारीला तपासणी. अकराची वेळ, नंबर लागला पाऊण वाजता. रांगेत पुढं सरकायचं असल्यामुळं इंजिन चालू ठेवावं लागलं, रणरणतं ऊन, पुढं-मागं गाड्या. डिसेंबरमधली आठशे इथंच उकळली असती. मी मागच्या रस्त्याकडं न बघता फक्त काट्याकडं बघत होतो. फॅन लागायचा, बंद व्हायचा. इन्स्पेक्टरनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघितले, चॅसिस नंबर जुळवला, बॉनेट उघडायला लावलं. "ओरिजिनल इंजिन?" "होय सर." त्यांनी बोटानं वरचा होज दाबून बघितला. का ते कळलं नाही, सवय असेल. सही झाली. कार्ड २८ फेब्रुवारीला पोस्टानं आलं, मुदत २०२९ पर्यंत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या कारची फी १०,००० झाली आहे, म्हणजे पुढच्या वेळी दुप्पट.

सगळा खर्च टेम्पो धरून चौदा हजारांच्या आत बसला. फी वेगळी.

एप्रिलात परत निपाणी. बाबा हट्टानं पुढं बसले. तवंदीच्या त्याच वळणावर म्हणाले, "काटा कुठं आहे?" मध्याच्या जरा खाली होता. ते पुढं वाकून स्वतः बघून आले, मग मागं टेकले.

घरी पोचल्यावर सवयीनं गाडीखाली वाकलो, तर वॉटर पंपाखाली हिरवा थेंब. पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील जायला लागलं की पाणी तिथून पाझरतं, आणि नव्या झाकणानं दाब पुरा धरायला लागल्यावर जुन्या सीलचं खरं रूप बाहेर आलं होतं. मामांना फोन केला.

"दिवसाला किती गळतंय?"

"चार-पाच थेंब."

"मग मंगळवारी आणा. आणि स्वल्प तडीरी, तोवर बाटली नाही, रेडिएटर बघत जावा."

पंप ८५० ला मिळाला.